पन्नासपैकी एकोणीस जागा आणि तरीही सत्ता: इंग्लंडमधील डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा निकाल कसा वाचावा?

चौकस

नमस्कार. मी गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये हर्टफर्ड या गावी राहतो. माझे पारपत्र भारतीय आहे, तरीही राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून मला येथील मतदारयादीत नाव नोंदवता आले आणि ४ मे २०२३ रोजी ईस्ट हर्टफर्डशायर डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या, म्हणजे येथील स्थानिक कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या, निवडणुकीत या देशातले माझे पहिले मत देता आले. मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवण्याची सक्ती इंग्लंडमधील स्थानिक निवडणुकांत त्याच दिवसापासून लागू झाली होती. मी पारपत्र पुढे केले, टेबलामागच्या बाईंनी ते निरखून परत दिले, आणि आडोशाला दोरीने बांधून ठेवलेल्या शिसपेन्सिलीने मी फुल्या मारल्या. फुल्या असे अनेकवचन मी मुद्दाम वापरतो आहे, कारण आमच्या प्रभागातून एकाहून अधिक कौन्सिलर निवडायचे होते आणि जितक्या जागा तितकी मते मला होती.

आता काउंट्यांच्या, म्हणजे येथील जिल्ह्यांसारख्या विभागांच्या, कारभाराच्या पुनर्रचनेची चर्चा सुरू झाल्यापासून मी जुने निकाल पुन्हा काढून वाचतो आहे. या कौन्सिलच्या जागा पन्नास. २०१५ साली त्या पन्नासच्या पन्नास हुजूर पक्षाकडे होत्या. २०१९ साली हुजूर पक्ष ४०, लिबरल डेमोक्रॅट ६, ग्रीन २ आणि मजूर २ अशी विभागणी झाली. २०२३ साली ग्रीन १९, हुजूर १६, लिबरल डेमोक्रॅट १० आणि मजूर ५. आठ वर्षांत एका पक्षाचे पन्नासावरून सोळावर येणे आणि दुसऱ्याचे शून्यावरून एकोणिसावर जाणे ही साधी गोष्ट नव्हे. पण गावात पाहिले तर माणसे तीच आहेत, घरे बहुतेक तीच आहेत, आणि शेजारपाजारच्या लोकांची मते एवढी उलटीपालटी झाल्याचे मला कधी जाणवले नाही.

तेव्हा माझ्या शंका अशा आहेत. एकोणीस जागा म्हणजे बहुमत नव्हे, मग कारभार नेमका कोण चालवते आणि ते कोण ठरवते? एका मतदाराला दोन किंवा तीन मते असतील तर मोजणी कशी होते आणि पक्षाची टक्केवारी काढायची कशी? आणि हा निकाल एवढा मोठा वाटतो तो खरोखरच तेवढा मोठा आहे, की मोजण्याच्या पद्धतीने तो तसा दिसतो? ज्यांनी येथील कौन्सिलांचे कामकाज जवळून पाहिले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

शिरस्तेदार

चौकस, तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी एक शब्द बाजूला काढून ठेवतो. डिस्ट्रिक्ट कौन्सिलला मराठीत 'जिल्हा परिषद' म्हणण्याचा मोह होतो, आणि तिथेच अर्धा घोटाळा होतो. आपल्या जिल्ह्याशी आकाराने आणि अधिकाराने जुळणारी येथील संस्था म्हणजे काउंटी कौन्सिल. डिस्ट्रिक्ट हा तिच्या पोटातला लहान भाग. १९७२ च्या कायद्याने ही दोन स्तरांची रचना ठरली आणि १ एप्रिल १९७४ पासून ती अमलात आली. हर्टफर्डशायर काउंटीत असे दहा डिस्ट्रिक्ट आहेत. शाळा, रस्ते, ग्रंथालये, वृद्धांची आणि अपंगांची देखभाल हे काउंटीचे काम; कचरा उचलणे, बांधकाम परवानग्या, बेघरांची सोय, अन्न आणि आरोग्य तपासणी, मतदारयादी, आणि सर्वांच्या वतीने कौन्सिल टॅक्स गोळा करणे हे डिस्ट्रिक्टचे. तुमच्या गावात तर काउंटी हॉल आणि डिस्ट्रिक्टची वॉलफील्ड्स ही कचेरी दोन्ही पेग्ज लेन या एकाच रस्त्यावर आहेत, त्यामुळे रस्त्यातल्या खड्ड्याची तक्रार घेऊन माणूस चुकीच्या दारात उभा राहिला तर त्याला दोष देता येत नाही.

आता सत्तेविषयी. मतदार कौन्सिलर निवडतात, सरकार निवडत नाहीत. निवडणुकीनंतर चौथ्या दिवशी जुने कौन्सिलर पायउतार होऊन नवे पदावर येतात, आणि त्यानंतर मे महिन्यातच वार्षिक सभा भरते. या सभेत आधी अध्यक्षाची निवड होते, मग कौन्सिलच्या नेत्याची. ईस्ट हर्टफर्डशायरमध्ये २००० च्या कायद्याने आणलेली नेता आणि कार्यकारिणी ही पद्धत चालते. म्हणजे पन्नास कौन्सिलर मिळून एक नेता निवडतात, तो आपले सहकारी नेमतो, आणि स्वतः नेत्यासह कार्यकारिणीत दहापेक्षा जास्त माणसे असू शकत नाहीत. रोजचे बहुतेक निर्णय हीच मंडळी घेतात. अर्थसंकल्प, कौन्सिल टॅक्सचा दर आणि विकास आराखडा मात्र पूर्ण सभेपुढे यावा लागतो.

या रचनेत एकोणीस जागांचा अर्थ एवढाच की ग्रीन गट सर्वांत मोठा आहे. पन्नासांत बहुमताला सव्वीस लागतात आणि ते कोणाकडेच नव्हते, म्हणून निकालपत्रकात कौन्सिल त्रिशंकू ठरली. पुढे ग्रीन आणि लिबरल डेमोक्रॅट यांनी संयुक्त कारभार करण्याचे ठरवले, एकोणीस आणि दहा मिळून एकोणतीस झाले, आणि ग्रीन पक्षाचे बेन क्रिस्टल नेते झाले. हा समझोता झाला नसता तर सोळा जागांच्या हुजूर पक्षालाही इतरांच्या मदतीने प्रयत्न करायला कायद्याची आडकाठी नव्हती. सर्वांत मोठ्या पक्षाला आधी बोलवावे असा काही नियम येथे नाही. सभेत ज्याच्या नावाला जास्त हात वर होतात तो नेता. आणि हात समसमान झाले तर सभाध्यक्षाला निर्णायक जादा मत असते. म्हणून पन्नाससारखी सम संख्या असलेल्या त्रिशंकू कौन्सिलमध्ये अध्यक्ष कोण होतो याकडे जाणकारांचे आधी लक्ष असते, जरी बाहेरच्यांना ते पद साखळी घालून समारंभांना जाण्यापुरते वाटत असले.

जाता जाता २०१५ च्या निकालाबद्दलही बोलले पाहिजे, कारण माझ्या मते तुमच्या तक्त्यातली सर्वांत गंभीर ओळ ती आहे, २०२३ ची नव्हे. कार्यकारिणीवर देखरेख ठेवण्यासाठी छाननी समिती असते आणि कार्यकारिणीतल्या कोणालाही तिच्यात बसता येत नाही. १९८९ च्या कायद्याप्रमाणे समित्यांतल्या जागा सभागृहातल्या गटांच्या संख्याबळानुसार वाटाव्या लागतात, आणि दोन कौन्सिलर एकत्र आले की गट होतो. पण पन्नासच्या पन्नास एकाच पक्षाचे असतील तर वाटणार कोणाला? आपल्याच पक्षाच्या नेत्याला अडचणीचे प्रश्न विचारण्याचे काम मग त्याच पक्षाच्या मागच्या बाकांवर येते. ते काम प्रामाणिकपणे करणारे लोक असतात, पण सगळी मदार त्यांच्या स्वभावावर राहते, व्यवस्थेवर राहत नाही. २०१९ साली चाळीस विरुद्ध दहा अशी स्थिती आली तेव्हा आकड्यांत सत्ता तसूभरही हलली नव्हती, तरी समित्यांच्या टेबलाभोवती दुसऱ्या बाजूची माणसे बसू लागली. हा फरक निकालाच्या बातमीत कधीच येत नाही.

मोजणीतला

मी दुसऱ्या एका काउंटीत तीन वेळा मतमोजणी सहायक म्हणून काम केले आहे, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

मतदान सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत चालते. काही कौन्सिली त्याच रात्री मोजणीला बसतात, काही दुसऱ्या दिवशी. पेट्या क्रीडासंकुलात येऊ लागल्या की पहिल्यांदा मते मोजत नाहीत, मतपत्रिका मोजतात. केंद्राध्यक्षाने किती पत्रिका दिल्याचे लिहून ठेवले आहे आणि पेटीत किती निघाल्या, यांचा ताळा जुळल्याशिवाय पुढे जायचे नाही. उमेदवारांचे मोजणी प्रतिनिधी खरे काम याच वेळी करतात. आपण पत्रिका उलगडत असतो आणि टेबलापलीकडे उभा असलेला माणूस फुल्या कुठे आहेत ते पाहून आपल्या वहीत रेघा ओढत असतो. कोणत्या वस्तीत आपल्याला किती मते पडली याचा अंदाज त्याला अधिकृतपणे कधीच मिळणार नसतो, कारण एका पेटीतल्या पत्रिका दुसऱ्या पेटीतल्या पत्रिकांत मिसळल्याखेरीज मते मोजता येत नाहीत. पत्रिकेची छापील बाजू नेहमी वर ठेवायची हा दंडक आहे, कारण मागच्या बाजूला क्रमांक असतो आणि तो कोणाच्या नजरेस पडू नये.

एका जागेचा प्रभाग असेल तर पुढचे काम सोपे: उमेदवारागणिक ढीग, पन्नास-पन्नासचे गठ्ठे, बेरीज. तीन जागांच्या प्रभागात मात्र पत्रिका दोन जातींत वेगळ्या कराव्या लागतात. ज्याने तिन्ही मते एकाच पक्षाच्या तिघांना दिली त्याची पत्रिका एका बाजूला. तिचे ढीग लावून मोजता येतात. ज्याने एक मत ग्रीनला, एक लिबरल डेमोक्रॅटला आणि एक ओळखीच्या हुजूर उमेदवाराला दिले, किंवा एकच फुली मारून बाकी मते सोडून दिली, त्याची पत्रिका कोणत्याच ढिगात बसत नाही. अशा पत्रिका एका लांब कागदावर शेजारी शेजारी, एकमेकींवर थोड्या चढवून अशा चिकटवतात की उजव्या कडेचे फक्त फुल्यांचे चौकोन दिसत राहतात. मग एका उमेदवाराची ओळ धरून कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुल्या मोजत जायच्या. चिकटवलेल्या पत्रिकांच्या झिरमिळ्या लोंबत असतात म्हणून मोजणीवाले या कागदाला 'ग्रास स्कर्ट' म्हणतात. रात्रीचे दोन वाजलेले असताना हे काम करणे डोळ्यांची परीक्षा असते, आणि दोघांनी वेगवेगळे मोजून आकडा जुळला तरच तो पुढे जातो.

जास्त फुल्या मारल्या तर पत्रिका बाद होते, कमी मारल्या तर होत नाही. फुलीऐवजी बरोबरची खूण केली तरी मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत धरले जाते. अनेक जागांच्या निवडणुकीत पत्रिका अंशतः बाद होण्याचीही सोय आहे: दोन फुल्या स्पष्ट आणि तिसरी दोन चौकोनांच्या मधोमध असेल तर पहिल्या दोन मोजल्या जातात. हे सगळे निर्णय निवडणूक निर्णय अधिकारी उमेदवारांच्या देखत घेतात.

एका वर्षी आमच्या टेबलावर एका उमेदवाराचा पूर्ण गठ्ठा त्याच पक्षाच्या दुसऱ्या उमेदवाराच्या ट्रेमध्ये गेला होता. दोघांची आडनावे एकाच अक्षराने सुरू होत होती. फेरमोजणी मागितली गेली म्हणून चूक सापडली, नाहीतर पन्नास मते एकाची दुसऱ्याला गेली असती. त्या दिवसापासून, फेरमोजणी मागणाऱ्याला खिलाडूवृत्ती नाही असे कोणी म्हटले की मला ते पटत नाही.

मते अगदी समान पडली तर निवडणूक निर्णय अधिकारी तिथल्या तिथे चिठ्ठी टाकतात, आणि जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिला एक मत जादा मिळाले असे धरून निकाल जाहीर होतो. ही पुस्तकी तरतूद वाटेल, पण २०१७ साली नॉर्थंबरलँडच्या काउंटी कौन्सिलमध्ये साउथ ब्लाइथ प्रभागात हुजूर आणि लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांची मते सारखी भरली आणि काड्या ओढून निकाल लावावा लागला. काडी लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराच्या बाजूने लागली आणि सदुसष्ट जागांच्या त्या सभागृहात हुजूर पक्ष तेहतिसावर, म्हणजे बहुमतापासून एका जागेवर, थांबला.

टिपणवही

वरच्या दोन्ही उत्तरांनंतर तिसरा प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण स्थानिक निकालांचे आकडे गोळा करणे हा माझा जुना नाद आहे.

टक्केवारीपासून सुरुवात करते. समजा तीन जागांच्या एका प्रभागात 'अ' पक्षाने तीन उमेदवार दिले आणि त्यांना ४२०, ४०० व ३९० मते पडली. 'ब' पक्षाने एकच उमेदवार दिला आणि त्याला ४५० पडली. सगळी मते एकत्र केली तर 'अ' पक्षाची १,२१० आणि 'ब' पक्षाची ४५०, म्हणजे 'अ' पक्ष जवळजवळ तिप्पट लोकप्रिय भासतो. वास्तविक त्या प्रभागात पहिला आलेला उमेदवार 'ब' पक्षाचा आहे. म्हणून बरेच अभ्यासक प्रत्येक पक्षाच्या फक्त सर्वाधिक मते मिळालेल्या उमेदवाराची मते धरतात, काही जण पक्षाच्या उमेदवारांची सरासरी काढतात. दोन्ही पद्धतींत उणिवा आहेत, पण नुसती बेरीज करून काढलेली टक्केवारी कोठे दिसली तर तिच्यावर काहीही उभारू नये. चौकस यांना टक्केवारीचे दोन वेगवेगळे तक्ते सापडले तर दोन्ही बरोबर असू शकतात.

याच उदाहरणात जागांकडे पाहा. 'ब' ला एक, 'अ' ला दोन. आता 'ब' पक्षाने पुढच्या खेपेला तीन उमेदवार उभे केले आणि प्रत्येकी तीस मतदारांनी आपले मन बदलले, तर 'अ' च्या दोन्ही जागाही तिकडे जाऊ शकतात. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी या पद्धतीत आणि अनेक जागांच्या प्रभागात मतांचा थोडासा झुकाव जागांच्या मोठ्या ढिगात रूपांतरित होतो. हुजूर पक्षाचे २०१५ मधले पन्नासपैकी पन्नास हे त्याच गणिताचे फळ होते, आणि पुढे त्याच गणिताने तो पक्ष खाली आला. डिस्ट्रिक्टमधला प्रत्येक माणूस त्या वर्षी हुजूर पक्षाचा होता असे कोणी म्हणणार नाही. इतरांना मत देणारे हजारो लोक होते, त्यांच्या वाट्याला एकही कौन्सिलर आला नाही. तुम्हाला शेजारीपाजारी एवढा बदल जाणवला नाही, चौकस, ते तुमचे निरीक्षण बरोबर आहे. शेजारी तेवढे बदललेच नव्हते.

दुसरी गोष्ट तारखेची. ७ मे २०१५ रोजी स्थानिक निवडणुका आणि संसदेची सार्वत्रिक निवडणूक एकाच दिवशी होत्या. लोक देशाचे सरकार निवडायला मोठ्या संख्येने आले आणि त्याच फेरीत कौन्सिलसाठीही फुली मारून गेले. २०१९ आणि २०२३ साली तशी जोड नव्हती. फक्त स्थानिक निवडणूक असते तेव्हा मतदान साधारण एक तृतीयांशाच्या आसपास राहते, आणि जे येतात ते काहीतरी ठरवून येतात. त्यामुळे २०१५ शी केलेली कोणतीही तुलना लंगडी असते, कारण मतदार म्हणून आलेला समूहच वेगळा होता.

आणि २०१९ चा पायाही नीट पाहायला हवा. त्या मे महिन्यात, युरोपीय संघातून बाहेर पडण्यावरून देश चिडलेला असताना, हुजूर पक्षाने इंग्लंडभर १,३३० जागा गमावल्या होत्या आणि मजूर पक्षाच्याही जागा घटल्या होत्या. २०२३ साली जेव्हा हुजूर पक्षाने आणखी १,०६३ जागा आणि ४८ कौन्सिलांवरील ताबा गमावला, तेव्हा ती घट चांगल्या वर्षाच्या तुलनेत नव्हती, आधीच वाईट गेलेल्या वर्षाच्या तुलनेत होती. मजूर पक्षाच्या ५३७, लिबरल डेमोक्रॅटच्या ४०७ आणि ग्रीनच्या २४१ जागा वाढल्या. एकूण जागांच्या मानाने ग्रीनची वाढ लहान दिसते, पण ती थोड्या ठिकाणी एकवटलेली होती. त्याच दिवशी मिड सफोक या ग्रामीण डिस्ट्रिक्टमध्ये चौतिसांपैकी चोवीस जागा ग्रीन पक्षाने घेतल्या आणि या देशात पहिल्यांदाच एखाद्या कौन्सिलवर त्या पक्षाला निर्विवाद बहुमत मिळाले. ईस्ट हर्टफर्डशायर आणि मिड सफोक हे दोन्ही शहरी, विद्यापीठाचे भाग नाहीत; शेतीवाडी, लहान बाजारगावे आणि लंडनकडे रोज रेल्वेने जाणारी माणसे असा हा प्रदेश. ग्रीन पक्ष म्हणजे शहरातल्या तरुणांचा पक्ष हा समज त्या रात्री खोटा ठरला, आणि माझ्या लेखी २०२३ च्या स्थानिक निकालांतली सर्वांत महत्त्वाची बातमी हीच होती, जरी सगळ्यांचे लक्ष मजूर पक्षाला पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुमत मिळेल का याच हिशेबाकडे होते.

तो हिशेब वाईट असतो असे नाही. बीबीसीसाठी काढल्या जाणाऱ्या देशव्यापी अंदाजात, सगळीकडे निवडणूक झाली असती तर मजूर ३५, हुजूर २६ आणि लिबरल डेमोक्रॅट २० टक्के मते पडली असती, असे त्या वर्षी निघाले. पण हर्टफर्डच्या मतदाराने कचरा, घरे आणि वाहनतळ यांचा विचार करून मारलेली फुली देशाच्या तापमापकातला पारा म्हणूनच वाचली जाते, याचे मला नेहमी वाईट वाटते.

चौकस

तिघांचेही मनापासून आभार. आता आणखी एकच विचारतो. निकालाने कार्यकारिणी बदलली हे समजले. पण आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये गिल्स्टन परिसरात दहा हजार घरे बांधण्याचा मोठा प्रस्ताव आहे आणि त्याबद्दल लोक पोटतिडकीने बोलतात. सत्ता बदलूनही त्या आराखड्याचे काम पुढे चालूच राहिले, आणि कौन्सिल टॅक्सही वाढतच राहिला. मग मतदाराच्या हाती नेमके काय असते?

शिरस्तेदार

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर थोडे कडू आहे.

टॅक्सचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात होते. बिलावर डिस्ट्रिक्टचे नाव ठळक असते, पण दोन स्तरांच्या भागात त्या रकमेचा साधारण दहावा हिस्साच डिस्ट्रिक्टकडे राहतो. मोठा वाटा काउंटीचा, मग पोलीस आयुक्तांचा, आणि थोडा गावच्या टाउन किंवा पॅरिश कौन्सिलचा. अलीकडच्या वर्षांत डिस्ट्रिक्टला आपला हिस्सा तीन टक्के किंवा वर्षाला ५ पौंड, यांपैकी जे जास्त असेल त्याच्या आतच वाढवता येतो; त्यापलीकडे जायचे तर सार्वमत घ्यावे लागते. सत्ता कोणाचीही असो, ही वेसण लंडनहून घातलेली आहे.

घरांचे प्रकरण वेगळे. गिल्स्टनची जागा २०१८ साली मंजूर झालेल्या डिस्ट्रिक्टच्या विकास आराखड्यात ठरली. आराखडा एकदा सभागृहाने स्वीकारला, त्याआधी सरकारी निरीक्षकाने जाहीर सुनावणी घेऊन तो तपासला, की तो त्या कौन्सिलवर बंधनकारक ठरतो. पुढे निवडून आलेल्यांवरही. नव्या सभागृहाला आराखडा नव्याने करता येतो, पण त्याला काही वर्षे लागतात, आणि तोवर आलेल्या अर्जांचा निकाल सर्वसाधारणपणे जुन्या आराखड्यानुसारच द्यावा लागतो. बांधकाम समितीने केवळ लोकभावनेवरून परवानगी नाकारली तर विकासक अपिलात जातो, आणि नकार अवाजवी ठरला तर त्याचा खर्चही कौन्सिलवर, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशावर पडू शकतो. शिवाय या समितीतल्या कौन्सिलरने मन मोकळे ठेवून अर्ज ऐकायचा असतो. पक्षाचा आदेश म्हणून हात वर करणे तिथे चालत नाही.

मतदाराच्या हाती जे असते ते अटींमध्ये असते. त्या दहा हजारांतली परवडणारी घरे किती, शाळा आधी की घरे आधी, नदीकाठची किती जमीन मोकळी राहील, सायकलचा रस्ता खरोखर स्टेशनपर्यंत पोहोचेल की कुंपणापाशी संपेल, विकासकाकडून किती पैसे कशासाठी घ्यायचे, या वाटाघाटी वर्षानुवर्षे चालतात आणि त्या करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मागे उभी असलेली कार्यकारिणी मतदारांनी निवडलेल्या सभागृहातून आलेली असते. त्यातले एकेक कलम फारसे कोणी वाचत नाही, पण पुढची पन्नास वर्षे तिथे राहणाऱ्यांचे आयुष्य त्या कलमांनी ठरते. मी स्वतः एका लहान वसाहतीच्या बाबतीत पाहिले आहे की खेळाच्या मैदानाची देखभाल कोणी करायची हे एक वाक्य करारात धड लिहिले गेले नाही आणि आठ वर्षांनी तिथे कमरेएवढे गवत होते.

टिपणवही

शिरस्तेदार यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. फक्त पुनर्रचनेचा उल्लेख चौकस यांनी सुरुवातीला केला होता, त्यावर थोडे लिहिते.

डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेत सरकारने दोन स्तरांची रचना मोडून सर्वत्र एकस्तरीय कौन्सिली आणण्याचे धोरण जाहीर केले. हे नवीन नाही. कॉर्नवॉल आणि विल्टशायरमधले डिस्ट्रिक्ट २००९ साली गेले, बकिंगहॅमशायरचे २०२० साली, आणि सॉमरसेट, नॉर्थ यॉर्कशायर व कंब्रिया यांचे १ एप्रिल २०२३ रोजी. म्हणजे तुम्ही ज्या मे महिन्यात पहिले मत दिलेत, त्याच्या महिनाभर आधी इतर तीन काउंट्यांतल्या मतदारांची डिस्ट्रिक्ट कौन्सिल कायमची बंद झाली होती. हर्टफर्डशायरचेही तसेच होणार असेल तर ईस्ट हर्टफर्डशायरच्या निकालांच्या मालिकेतली २०२३ ही शेवटची ओळ ठरू शकते. नवी कौन्सिल मोठी असेल, तिचे प्रभाग वेगळे असतील, आणि जुने आकडे तिच्याशी जोडता येणार नाहीत.

म्हणून माझी एक कळकळीची विनंती आहे. प्रत्येक प्रभागाचे अधिकृत निकालपत्रक कौन्सिलच्या संकेतस्थळावर असते. त्यात उमेदवारनिहाय मते आणि बाद पत्रिकांची कारणवार संख्या दिलेली असते: जास्त फुल्या किती, कोऱ्या किती, मतदार ओळखू येईल अशी खूण किती. कौन्सिल बंद झाली की तिचे संकेतस्थळही बऱ्याचदा जाते किंवा कोठेतरी आत गाडले जाते. आपल्या प्रभागाची २०१५, २०१९ आणि २०२३ ची पत्रके आजच उतरवून ठेवावीत.

चौकस

काल रात्री ती पत्रके उतरवून घेतली. आमच्या प्रभागात निवडून आलेल्या शेवटच्या उमेदवाराची आणि थोडक्यात हरलेल्या पहिल्या उमेदवाराची मते शेजारी शेजारी लिहून पाहिली, तेव्हा मोजणीतला यांनी सांगितलेल्या त्या चुकीच्या ट्रेमधल्या गठ्ठ्याची आठवण झाली. कोऱ्या मतपत्रिकांचाही आकडा आहे. ओळखपत्र घेऊन, रांगेत उभे राहून, काहीही न लिहिता पत्रिका पेटीत टाकून गेलेल्या त्या शेजाऱ्यांविषयी मी याआधी कधी विचारच केला नव्हता. पुढच्या पूर्ण सभेच्या दिवशी वॉलफील्ड्समध्ये नागरिकांसाठी ठेवलेल्या बाकांवर जाऊन बसणार आहे.